रुळापलीकडचं छप्पर

गावाच्या वार्षिक मिरवणुकीला निघण्याआधी ओडेसानं गाडी पुसली, पुढच्या सीटवर आपली जाड उशी ठेवली आणि सीट पार पुढे ओढून घेतली. अडुसष्ट वर्षांची ठेंगणी बाई ती. एरवी तिचे पाय पेडलपर्यंत पोचायचेच नाहीत.

चौसष्ट सालची ती लांबलचक, पांढरी, घडीच्या कापडी छपराची गाडी तिच्या वडिलांची. लूशियस टॉलिव्हर यांचा अलाबामातल्या त्या गावात काळ्या लोकांच्या अंत्यविधीचा व्यवसाय होता, आणि त्यांच्याकडे असली गाडी असणं अनेकांना खुपायचं. आपल्या वस्तीत ते छप्पर मागे दुमडून, टोपी तिरकी करून रुबाबात फिरत. पण रेल्वेचे रूळ ओलांडून गोऱ्यांच्या बाजूला जायचं, तर फाटकाशी थांबून छप्पर वर घ्यावं लागे. हॉल्कम नावाच्या पोलिसाचा तसा हुकूमच होता.

वडील जाऊन पन्नास वर्षं झाली. हुकूमही गेला. गाडी मात्र विसरली नव्हती. रुळाशी पोचली की छप्पर आपोआप वर येई.

"नको नेऊस, डेसा," तिचा चुलतभाऊ क्लीव्हन हळूच म्हणाला. गाडीची देखभाल तोच करी. "छपराची मोटर मी महिन्यापूर्वीच काढून घेतलीय. रविवारी ती माझ्या टेबलावर पडली होती, आणि तरीही... छप्पर वर आलं."

"येऊ दे. त्या रस्त्यानं आपल्याला झाकून नेलं एवढी वर्षं. आज मी सगळ्यांसमोर तोंड वर करून जाणार."

भर दुपार होती. पुढे बँड वाजत होता. रुळाशी गाडी आपोआप मंदावली आणि मागून कापड करकरलं. ओडेसाच्या मानेवर सावली सरकत आली. तेवढ्या उन्हात तिला गारठल्यासारखं झालं. अंत्यविधीतल्या लिलीच्या फुलांचा आणि वडिलांच्या केसांच्या तेलाचा वास नाकात भरला.

हात तिनं स्टिअरिंगवरून हलवले नाहीत.

"बाबा... राहू द्या. हॉल्कम अजून जिवंत आहे. कोर्टासमोर खुर्चीत बसून मिरवणूक बघतो. त्याला बघू द्या की आपल्याला."

छप्पर अर्ध्यावर थांबलं. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. मग हळूहळू, जडपणे, छप्पर मागे जाऊन बसलं.

कोर्टाच्या कोपऱ्यावर लोक तिला हात हलवत होते. चाकांच्या खुर्चीतला हॉल्कम तिच्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर तिच्या डोक्याच्या हातभर वर होती, एखाद्या उंच माणसाच्या चेहऱ्यावर असावी तशी.

"छप्पर..." तो पुटपुटला. "छप्पर वर घे, लूशियस..."

ओडेसाला नेमकं त्याच्यासमोर थांबायचं होतं. तिनं पायानं ब्रेक शोधला. सापडेना. तिनं खाली पाहिलं. सीट पार मागे सरकली होती, वडिलांच्या लांब पायांना लागायची तितकी. तिचे पाय अधांतरी लोंबत होते. आणि खाली ब्रेकचं पेडल आपोआप, सावकाश दाबलं जात होतं.

गाडी हॉल्कमच्या पुढ्यात थांबली.

भीतीनं तिचे दात वाजायला लागले. तरी तिनं दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले, मांडीवर ठेवले आणि ताठ बसली.

"होऊ द्या सावकाश, बाबा," ती म्हणाली. "आज घाई नाही."