आठव्या फायबरचा डाग

एका टोपणापायी शिओरीला रात्रभर झोप नव्हती. करंगळीच्या नखाएवढं प्लॅस्टिकचं टोपण. आठव्या फायबरच्या उघड्या टोकावर ते बसवलं, की घाईत खिशात टाकलं? खिसे चाचपून झाले. लोक गॅस बघायला उठतात, ही बाई टोपणासाठी उठत होती. शेजारी चार वर्षांची हिनाको चोंदल्या नाकानं घोरत होती.

सकाळी अंग कोमट लागतंय म्हणून पाळणाघरानं पोरीला दारातूनच परत पाठवलं. मग तिला घेऊनच शिओरी केंद्रावर आली. समुद्राकाठची बुटकी, बिनखिडक्यांची इमारत. इथून निघालेली केबल समुद्राच्या तळावर पसरलेली. तळ हलला की इथं कळतं. बाहेर दाट धुकं, आत यंत्रांची एकसुरी घरघर.

"पाळणाघर उघडलंय का इथं?" ओनोदेरासाननी विचारलं. केंद्रावरचे सगळ्यात जुने तंत्रज्ञ.

"कोपऱ्यात चित्रं काढेल ती. त्रास नाही व्हायचा तुम्हाला."

"आत्तापर्यंत एकीचाच होता."

टोपण जागेवरच होतं. शिओरीला हायसं वाटलं आणि स्वतःची लाजही. केबल बदलण्याआधी तिच्यातले आठही फायबर, म्हणजे काचेचे केसाएवढे तंतू, मोजून द्यायचे होते. काल सात झाले. आठवा मेलेला. निम्मं गाव समुद्रात ओढून नेलेल्या त्या मोठ्या लाटेच्या वर्षी अकरा किलोमीटरवर तुटला. बाकीचे सात त्याच केबलमध्ये शाबूत राहिले आणि हा एकच कसा तुटला, हे कुणालाच सांगता आलं नव्हतं.

"आठव्याला हात लावू नकोस," ओनोदेरासान म्हणाले. "मेलेल्याचं काय मोजायचं?"

"तुटलंय कुठं, तेवढंच बघायचंय."

"शिकलेल्या तुम्ही. बघा." आणि ते जनरेटरमध्ये डिझेल भरायला निघून गेले.

तिनं टोपण काढून टोक भिंगाखाली धरलं. पडद्यावर काचेचा गोल चेहरा उमटला. बरोब्बर मध्यावर तेलकट डाग. कुणाचं तरी बोट लागलेलं. माझंच असणार, तिला वाटलं. इथल्या रिवाजाप्रमाणे तिनं पडद्याकडे बोट करून मोठ्यानं म्हटलं, "अस्वच्छ!" कोरड्या फितीवर टोक एकदाच, एकाच दिशेनं ओढलं. "स्वच्छ!"

"स्वच्छ!" कोपऱ्यातून हिनाकोनंही बोट रोखलं.

जोडणी झाली. यंत्र फायबरमध्ये उजेड सोडतं आणि तो जिथून परततो तिथवरचं अंतर सांगतं. अकरा किलोमीटर. ठीक. पण एकदा मोजलं ते मोजलं नव्हे, म्हणून तिनं पुन्हा मोजलं.

नऊ.

जोड सैल बसला असेल. माझे हातच तसले. तिनं काढलं, पुसलं, पुन्हा जोडलं. चार. यंत्र चुकतंय असं तिच्या मनातही आलं नाही. चुकायची ती आपणच. ती पुसत राहिली. दर खेपेला यंत्राच्या पडद्यावरची उजेडाची रेघ अधिक नितळ होत होती... आणि अधिक आखूड. त्या कोरड्या, गार खोलीत कुठून तरी वास येऊ लागला. गाळाचा. रॉकेलचा. ओल्या शेवाळाचा.

"किती वेळा पुसलंस?"

ओनोदेरासान पाठीशी उभे होते.

"चार... पाच वेळा. डाग होता त्यावर..."

"माझ्या अंगठ्याचा." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "दर वर्षी अंगठा घासून ठेवतो मी त्यावर. माझ्याआधी साकाइसान घासायचे. उजेड तिकडे जाऊ नये म्हणून. तिकडच्यांना वाट दिसू नये म्हणून..."

"मग सांगायचं ना मला!"

"सांगितलं असतं तर हसली असतीस. वर जाऊन कळवलं असतंस, म्हातारा चळलाय."

खरंच कळवलं असतं. तिनं पडद्याकडे पाहिलं. चाळीस मीटर. म्हणजे बाहेरचा, होड्या लागायचा धक्का. कुणी बटण दाबलं नव्हतं, तरी आकडा बदलला. बारा. मग रेघच उरली नाही.

तिनं जोड उपटला, टोपण दाबून बसवलं. ओनोदेरासाननी यंत्रांची मुख्य कळ खाली ओढली. घरघर थांबली आणि त्या जाड भिंतींच्या आत समुद्र ऐकू येऊ लागला. अगदी जवळ. खोलीला दार एकच.

"हिनाको, ऊठ. घरी चल. आत्ताच्या आत्ता."

हिनाको उठली, पण हात धरू देईना. पाळणाघरात शिकवलं होतं तशी ती दाराकडे तोंड करून कमरेतून नीट वाकली. मग म्हणाली,

"थांब ना आई. केवढे जण आलेत. सगळ्यांचे बूट तर काढून होऊ देत."