२७१४ नंबरचं कातडं

रानडुकराचं कातडं कमावताना दोन गोष्टी जीव खातात, चरबी आणि ढाल. चरबी कितीही खरवडली तरी केसांच्या मुळाशी दडून बसते आणि वर्षभराने पिवळी होऊन बाहेर पाझरते. ढाल म्हणजे नराच्या खांद्यावरची बोटभर जाडीची चिवट गादी. ती तासता तासता मनगटं बधिर होतात. टेक्सासच्या डोंगराळ भागात, ओढ्याकाठी आमची शेड आहे, वडिलांनी उभारलेली. सव्वीस वर्षं मी तिथे कातडी खरवडते आणि कमावते. माझा थोरला भाऊ रूबेन ती जनावराच्या आकाराच्या साच्यावर चढवून शिवतो.

ऑक्टोबरच्या अखेरीस एका सकाळी वेस्ली फोइटने गाडीतून एक नर आणला. उजाडताना मारलेला, अंग अजून कोमट होतं. गोळी लागल्यावरही दोनशे पावलं धावला म्हणाला. सुळे चांगले लांब होते. वेस्लीला खांद्यापर्यंतचं मुंडकं भिंतीवर लावायला हवं होतं. ते ठरवून तो कामावर गेला.

मी मानेमागून चीर घेतली. सुरा फार सहज गेला. डुक्कर सोलताना कोपरापर्यंत हात तेलकट होतात. त्या दिवशी माझे हात कोरडे राहिले. म्हातारं जनावर, उन्हाळ्यात वाळलं असेल, असं मी मनाशी म्हटलं. खांद्यापर्यंत आले तेव्हा ढाल लागली ती जेमतेम पुठ्ठ्याएवढी. कडेपर्यंत एकसारखी. जनावराच्या अंगावर ती अशी नसते. ती अशी मी करते.

कान सोडवायला गेले, तर आत कूर्चा नव्हती. ओठ आतल्या बाजूने चिरून दुमडलेले होते, कमावण्याआधी मी करते तसे.

कातडं उलटं करून मी फळीवर पसरलं. आतली बाजू पांढरी, मऊ, सुकी होती. तिला रक्ताचा वास नव्हता. आमच्या पिंपात कातडी लाकडाच्या भुशात घोळवून काढली की येतो, तो तेलाचा आणि भुशाचा वास होता. फळीशेजारी सोललेलं धड पडलं होतं. ते लाल होतं, ओलं होतं आणि त्यातून वाफ निघत होती.

मी रूबेनला हाक मारली.

त्याने चष्मा लावला. डाव्या बरगडीपाशी गोळीचं जुनं भोक होतं, मेणाच्या दोऱ्याने शिवलेलं. त्यावर त्याने अंगठा फिरवला. मग मानेची कड उजेडात धरली. प्रत्येक कातडं कमावायला टाकण्याआधी तो कडेला आरीने भोकं पाडून नंबर घालतो, म्हणजे पिंपात अदलाबदल होत नाही. इथे भोकं होती. दोन, सात, एक, चार. सातच्या पोटात आडवी रेघ होती, रूबेन घालतो तशी.

"हे माझ्या हातचं आहे, नदीन," तो म्हणाला.

मी नंबरांची वही काढली. २७१४ म्हणजे ओटो रोडेचं डुक्कर, अकरा वर्षांपूर्वीचं. ओटो वारला त्याला चार वर्षं झाली. त्याची बायको हिल्डा, सगळं गाव तिला मिस हिल्डा म्हणतं, टेकडीपलीकडे एकटी राहते. ते मुंडकं तिच्या बैठकीत आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. रूबेननेच ते टांगून दिलं होतं.

दुपारी मी वेस्लीला फोन केला. केस गळायला लागलेत, कातडं वाया गेलं, असं सांगितलं. गिऱ्हाइकाशी मी पहिल्यांदाच खोटं बोलले. सकाळी मारलेलं जनावर दुपारपर्यंत कसं सडतं, असं त्याने विचारलं.

"तुझ्या बापाच्या हातून एक केस गळला नव्हता कधी," तो म्हणाला आणि फोन ठेवला. गावात ही गोष्ट पसरणार हे मला कळत होतं.

रूबेनने तोवर शेडमागे खड्डा खणून धड आणि कातडं दोन्ही पुरलं होतं. तिकडे जाऊ नकोस, एवढंच मला म्हणाला. कुठे, ते बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास मी मिस हिल्डाकडे गेले. जुनी मुंडकी फुकट साफ करून देतोय, अशी थाप मी मारली. तिला बरं वाटलं. तिने कॉफी ठेवली, खसखशीचा केक कापला. बैठकीत ऊन आलं होतं. मुंडकं जागच्या जागी होतं, खिडकीकडे किंचित वळवलेलं, एका सुळ्यावर ओटोची हॅट. मला हायसं वाटलं.

कातडं तिथेच होतं. मग काल मी सोललं ते काय होतं, याचा विचार मला करायचा नव्हता.

मिस हिल्डा दंड खाजवत होती. या वर्षी घरात गोचिड्यांनी उच्छाद मांडलाय, म्हणाली. कुत्रा जाऊन दोन वर्षं झाली, गुरंही विकली, मग येतात कुठून?

"खुर्चीत बसले की अंगावर पडतात बघ. ह्याच खुर्चीत. ओटोची आहे, टाकवत नाही गं."

खुर्ची मुंडक्याच्या बरोबर खाली होती.

मी स्टुलावर चढले. ब्रशने मानेवरचे केस झाडले. धूळ नव्हती. डावा कान पुढे सारून मी मागे पाहिलं.

तिथे गोचिड्या होत्या. वीस-पंचवीस, दाटीने चिकटलेल्या. करड्या, वाटाण्याएवढ्या फुगलेल्या.

जनावर थंड पडायला लागलं की गोचिड्या त्याला सोडतात. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

"काही सापडलं का?" खालून मिस हिल्डाने विचारलं.

मी खिशातला चिमटा काढला आणि एक गोचीड हळूच ओढली. ती सुटली तिथे बारीक लाल ठिपका उरला.

मी बोटाने तो पुसला.

तो पुन्हा भरून आला.