लाल कार्ड आणि आईची टेप

"मी समितीसमोर येणार नाही!" आईच्या कापड कापायच्या टेबलाखालून टाचणीनं जाहीर केलं. "चार वाजता स्पर्धेची समिती तिथे बसेल आणि मी इथे बसेन!"

"लाल कार्ड टेबलाखालीही लालच असतं," कलम म्हणाला. फुटबॉलच्या नियमांचं पुस्तक खिशात घेऊन हिंडणारा मुलगा याहून मायेचं बोलणार तरी काय? त्याच्या शेजारी बसलेल्या कुलूपनं, म्हणजे त्यांच्या संघाच्या गोलकीपरनं, त्याला कोपर मारलं.

काल सुट्टीतल्या स्पर्धेचा उपांत्य सामना होता. समोरच्या संघातली सुसाट नावाची मुलगी सगळ्यांना चकवून निघाली होती आणि पुढे फक्त कुलूप उरली होती. टाचणी चेंडूवर झेपावली, तिचा पाय घसरला आणि तो सुसाटच्या पायांत गेला. सुसाट आडवी झाली.

"सर, चुकून झालं!"

"चुकूनच झालं," रेफ्री शांतपणे म्हणाले, "पण होणारा गोल हुकला ना त्यांचा!" आणि लाल कार्ड वर!

फ्री किक आकाशात गेली आणि टाचणीचा संघ एक-शून्यनं जिंकला. पण टाचणी अंतिम सामन्यातून बाहेर झाली होती. समितीच्या मनात आलं तर सुट्टीतल्या सगळ्याच सामन्यांतून! शिवाय डोळे मिटले की तिला सुसाटचा रक्ताळलेला गुडघा दिसत होता.

"नियम असा आहे," कलमनं पुस्तक उघडलं. "चुकून का होईना, होणारा गोल फाउल करून अडवला की लाल. पण तोच फाउल पेनल्टीच्या चौकटीत, चेंडूसाठी खेळताना झाला, तर पेनल्टी आणि नुसतं पिवळं."

"मी चौकटीबाहेर होते," टाचणी पुटपुटली. "आणि काल सगळंच विचित्र! मी सामन्याआधी नेहमी गोलरेषेपासून चौकटीच्या रेषेपर्यंत पावलं मोजते. बावीस भरतात. काल वीसच भरली. मला वाटलं, सुट्टीत उंची वाढली."

दोघांनी तिला टेबलाखालून ओढून दारावरच्या पेन्सिलच्या खुणेला उभं केलं. उंची तसूभरही वाढलेली नव्हती.

"म्हणजे मैदान आखडलं!" कुलूप ओरडली. कलमनं टेबलावरची मोजायची टेप उचलली.

"टेप हरवली तर तिघंही घरी येऊ नका," आईनं मशीनवरून मान न उचलता सांगितलं.

मैदानाचं फाटक बंद होतं. चुनाकाका, म्हणजे रेषा आखणारे काका, रोलरला टेकून घोरत होते. तिघं कुंपणाच्या फटीतून आत शिरली. कालचा ओरखडा तसाच होता. हिरवळीत टाचणीच्या बुटानं ओढलेला, तपकिरी आणि लांब. तिला तिकडे बघवेना.

कलमनं गोलरेषेपासून टेप टाकायला सुरुवात केली. "आठ... नऊ... दहा!" दहाव्या टेपेचं टोक बरोब्बर चौकटीच्या पांढऱ्या रेषेवर टेकलं. "दीड मीटरची एक, म्हणजे पंधरा मीटर! हवेत साडेसोळा! एक टेप कमी!"

त्यानं अकरावी टेप अंथरली. ओरखडा तिच्या अगदी मध्यावर होता.

"आत! टाचणे, तू आत होतीस! पिवळं!"

"आणि पेनल्टी," कुलूप हळूच म्हणाली. "माझ्यावर."

इतका वेळ टाचणीला लाल कार्डाची भीती वाटत होती. आता तिला खऱ्याची भीती वाटायला लागली. बोलावं तर जिंकलेला सामना हातचा जाणार, सगळा संघ तिचं नाव घेऊन बोटं मोडणार. गप्प बसावं तर...

"कोण आहे रे तिकडे?"

खडाड् खडाड् करत रोलर येत होता आणि मागे चुनाकाका! रोलर फिरला की ओरखडा गडप! पळावं असं टाचणीच्या पायांना फार वाटत होतं. ती मटकन ओरखड्याशेजारी बसली आणि दोन्ही हात त्यावर आडवे धरले.

"ऊठ!"

"नाही!" आवाज उंदरासारखा निघाला. "माझ्यावरून फिरवा! कुलूप, पळ! समितीला म्हणावं, बैठक इथेच घ्या, मला उठता येत नाही!"

कुलूप सुटली. कलमनं अत्यंत आदरानं विचारलं, "काका, रेषा इतक्या सरळ कशा हो येतात?"

"दोरी!" काका रोलर थांबवून खुलले. "वीस वर्षांची दोरी आहे. चौकटही हिच्याच मापाची. परवा कुजका तुकडा कापला, गाठ मारली, की झालं काम! दोरी ती दोरीच!"

"कापलेला तुकडा केवढा होता?"

"असेल दीडेक मीटर," काका म्हणाले आणि मग त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

समितीच्या अध्यक्षबाई स्वतः गुडघे टेकून अकरा टेपा मोजत आल्या. मोजून झाल्यावर त्यांनी चुनाकाकांकडे असं पाहिलं, की काका रोलरमागे लपायला गेले, पण मावेनात.

"लाल रद्द. पिवळं," बाई म्हणाल्या. "पण पेनल्टी होणार हे ठाऊक होतं ना तुला?"

"हो," टाचणी म्हणाली. "म्हणूनच जास्त भीती वाटली."

"स्वतःच्या संघावरची पेनल्टी मोजून देणारी खेळाडू मी पहिल्यांदाच पाहिली. शाब्बास!"

"मला कालच शंका आली होती," समितीबरोबर आलेले रेफ्री म्हणाले. कोणी ऐकलं नाही.

पेनल्टी तिथल्या तिथे घ्यायची ठरली. सुसाट पट्टी बांधलेल्या गुडघ्यानं आली, धावली आणि चेंडू गोलच्या कोपऱ्यात गेला! एक-एक, बरोबरी! सामना उद्या पुन्हा, पूर्ण, नव्या रेषांवर! आणि टाचणी खेळणार!

"दुखतंय का गं फार?" टाचणीनं जाताना घाबरत घाबरत विचारलं.

"दुखतंय की!" सुसाट म्हणाली. "उद्या पाडायचंच असेल तर चौकटीत पाड. मला पेनल्टी आवडायला लागलीय!"