आक्काताईंच्या भुईमुगातली चाचणी

"इंदू, तुझा डावा गुडघा तापलाय."

विश्वासराव इंगवल्यांनी पडवीत बसल्या बसल्या जाहीर केलं. त्यांच्या डोळ्याला काळी, वीतभर लांबीची नळी लावलेली होती आणि नळीचं तोंड स्वयंपाकघराकडं होतं. आत त्यांची बायको परातीत पीठ मळत होती.

"तो कैक वर्षं तापलेलाच हाय," इंदुमामी मान वर न करता म्हणाली. "बायकोचा गुडघा दिसायला दुर्बीण लागली व्हय तुम्हाला?"

कट्ट्यावर लॅपटॉप घेऊन बसलेली केतकी खळखळून हसली. विश्वासराव तिचे सख्खे मामा. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, एके काळी पलटणीतले पहिल्या नंबरचे नेमबाज. केतकीची शाळा याच घरातून झाली होती. मामांनी तिला सायकल शिकवली, मामीनं पोहायला. आता ती पुण्याच्या एका लहानशा कंपनीत दुर्बिणींची अभियंता होती आणि कंपनीची सगळ्यात नवी उष्मादुर्बीण चाचणीसाठी थेट मामांच्या हातात घेऊन आली होती.

"पण उजेड नसताना दिसतं कसं गं हिच्यातनं?" मामीनं विचारलं.

"मामी, तू तव्याजवळ हात नेतेस तेव्हा न शिवताही धग लागते ना? तशी धग प्रत्येक वस्तू बाहेर टाकत असते. दगड, झाड, माणूस, सगळेच. ती डोळ्यांना दिसत नाही. हिच्यात एक टिकली आहे, तिला दिसते. टिकलीला तिच्या स्वतःच्या उबेचाच अडथळा होऊ नये म्हणून काड्यापेटीएवढ्या फ्रीजमध्ये बर्फाहून कितीतरी गार ठेवली आहे. जुन्या दुर्बिणीत जनावर म्हणजे नुसता पांढरा ठिपका दिसायचा. हिच्यात अंशाच्या हजाराव्या भागाचा फरकसुद्धा कळतो."

"कोंबडीच्या पोटाखालनं तीन अंडी डोकावत्यात," मामा मध्येच म्हणाले. "एक गार पडलंय."

मामी कमरेवर हात ठेवून उठली, खुराड्याशी गेली, कोंबडीखाली हात घालून पाहिला, एक गार अंडं बाहेर काढलं आणि परत पिठाकडं वळली. त्या दिवसापासून तिनं दुर्बिणीला नावं ठेवली नाहीत.

कुरणवाडीच्या आसपास रानडुकरं बेसुमार वाढली होती. शेवटी सरकारनं ठरावीक गावांना डुकरं मारायचे रात्रपरवाने दिले होते. शेतकऱ्यानं अर्ज करायचा, वनखात्यानं नेमलेल्या नेमबाजानं अंधार पडल्यावर शेतातल्या माळ्यावर, मचाणावर बसायचं. कुरणवाडीचे नेमलेले नेमबाज मामाच होते, आणि मोतीबिंदू काढल्यापासून अंधार त्यांना पहिल्यासारखा साथ देत नव्हता. केतकीनं दुर्बीण त्यांच्यासाठी बनवली असं ती कुणाला म्हणाली नव्हती. पण डोळ्याला लावायची रबरी वाटी तिनं मामांच्या चष्म्याच्या मापानंच करवून घेतली होती.

पहिल्या चाचण्या झकास झाल्या. गावाबाहेरच्या दगडखाणीत केतकीनं लोखंडी चकत्या टांगल्या, त्यांच्यामागं बॅटरीवर तापणाऱ्या पट्ट्या चिकटवल्या. मामांनी रायफलीवर दुर्बीण चढवली, नेम जुळवून घेतला आणि चकत्या एकेक करून वाजवल्या. मग दुर्बीण बादलीतल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून झाली, धुरात धरून झाली, जीपच्या टपावर बांधून खडकाळ रस्त्यानं हिंडवून झाली. दर वेळी मामांची गोळी जिथं पाहिजे तिथंच जात होती. खाणीतून परतताना ते पोरासारखे शीळ घालत होते.

"केतके, डोळे परत दिलेस गं तू मला," ते म्हणाले, आणि लगेच खिडकीबाहेर बघू लागले.

राहिली होती ती फक्त खरी चाचणी.

आक्काताई चौगुल्यांचा भुईमूग काढणीला आला होता. आक्काताई म्हणजे पन्नाशीची, खणखणीत आवाजाची, एकटीनं चार माणसांचं काम रेटणारी बाई. मागच्या हंगामात डुकरानं तिची मांडी फाडली होती, तेव्हापासून ती पाय ओढत चालायची. पण चालायची मात्र इतरांच्या पुढंच. तिच्या बांधावरच्या माळ्यावर दिवेलागणीला मामा चढले. केतकी खाली, जीपमध्ये थांबली.

अंधार पडल्यावर थोड्याच वेळात शेतात खसखस झाली. वेल उपटल्याचा, शेंगा कचाकचा फुटल्याचा आवाज. केतकी गोळीची वाट पाहत राहिली. गोळी झाली नाही. आवाज बराच वेळ चालू राहिला आणि मग ओढ्याच्या दिशेनं विरत गेला.

"वारा उलटा होता," उतरल्यावर मामा म्हणाले.

दुसऱ्या संध्याकाळी ते म्हणाले, वेल आड आले. तिसऱ्या संध्याकाळी काहीच म्हणाले नाहीत. जीपमध्ये बसले आणि घरी आल्यावर न जेवता झोपले.

केतकीला वाटलं, दुर्बिणीतच काहीतरी बिघाड असणार. दुर्बीण जे दाखवते ते साठवूनही ठेवते. सकाळी तिनं लॅपटॉपवर चित्रण लावलं.

भुईमुगाच्या गार, काळसर पट्ट्यात एक डुकरीण उभी होती. राठ केसांनी झाकलेलं अंग करडं दिसत होतं. पण कान पातळ, उघडे, आणि त्यांच्यात रक्तवाहिन्यांची जाळी पिंपळपानासारखी उजळलेली. ती जाळी फुलत होती, मिटत होती, फुलत होती. काळजाचा ठोका कानात दिसत होता. नाकपुड्यांतून श्वासाची ऊब धुरासारखी बाहेर पडून विरत होती. पोटाखाली सड पांढरेशुभ्र, दुधानं तापलेले. मग वेलांमधून तिची पिल्लं आली, मुठीएवढे चमकते गोळे, आणि एकमेकांना ढकलत तिच्या पोटाखाली घुसली. नेमाची फुली डुकरिणीच्या खांद्यामागं अचूक टेकली होती. चित्र संपेपर्यंत ती तिथून तसूभरही हलली नव्हती.

मामा केव्हातरी मागं येऊन उभे राहिले होते.

"हात थरथरला नाही माझा," ते म्हणाले. "बोट आवळलं नाही, बास."

"आधीही मारलीच होती ना, मामा?"

"मारली की. तेव्हा काळं काहीतरी हलायचं, त्याच्यावर गोळी टाकायची. जनावर हाय हे ठावं असायचं. पण ते जितं हाय हे असं डोळ्यासमोर दिसायचं नाही." त्यांनी पडद्यावरच्या कानाला बोट लावलं. "हे बघत बघत कसं मारायचं सांग बरं?"

त्याच दुपारी पुण्याहून कारेकर साहेबांचा फोन आला. कंपनी त्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभी केली होती आणि केतकीवर त्यांचा लोभ होता.

"तुझ्याकडं पण तेच का?" त्यांनी विचारलं. "भंडाऱ्याचा नेमबाज गोळी टाकत नाही, साताऱ्याचा टाकत नाही. जुनी दुर्बीण दिली की तीच माणसं धडाधड मारतात. अगं, आपली दुर्बीण नापास होते आहे ती चांगली आहे म्हणून!"

"मग काय करायचं, सर?"

"चित्र जरा पुसट कर. कान, श्वास, पिल्लं काही दिसायला नको. बाहेरची रेघ आणि आत सपाट पांढरं. नेम तेवढाच अचूक राहील. तुला तासाभराचं काम आहे."

तासाभराचंही नव्हतं. संध्याकाळी चहा निवायच्या आत केतकीनं पुसट आवृत्ती तयार केली. पडद्यावर डुकरिणीच्या जागी आता कागद कापून चिकटवावा तसा एक आकार होता. त्या आकाराकडं बघून कुणालाच काही वाटलं नसतं. तिनं लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आतच आक्काताई पडवीत येऊन उभी राहिली. पदरात उपटलेले वेल होते. ते तिनं मामांच्या पुढ्यात ओतले. एकालाही शेंग नव्हती.

"सुभेदार, तीन रात्री बसलासा. एक गोळी ऐकली न्हाई म्या."

मामांनी तिला सगळं सांगितलं. लपवलं नाही. आक्काताईनं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "तुमास्नी तिची पिल्लं दिसली. माझी मांडी न्हाई व्हय दिसली?"

मामीनं उठून आक्काताईला पाणी दिलं. तेही तिनं घेतलं नाही.

पुसट चित्र केतकीच्या लॅपटॉपमध्ये तयार होतं. तेवढं दुर्बिणीत चढवलं असतं तर मामांची तगमग थांबली असती, आक्काताईचा भुईमूग वाचला असता, कंपनीचंही भलं झालं असतं. ती हलक्या आवाजात म्हणाली, "मामा, मी चित्र बदलून देऊ शकते. तुम्हाला फक्त आकार दिसेल."

मामांनी तिच्याकडं पाहिलं. रागानं नव्हे, लहानपणी ती अवघड गणिताचं उत्तर पुस्तकाच्या शेवटी बघायची, तेव्हा जसं पाहायचे तसं.

"म्हणजे मला आंधळं करून मारायला लावणार?" ते म्हणाले. "नको बाळ. आक्का, आज संध्याकाळी तू पण माळ्यावर चल. काय दिसतंय ते तू बघ. मग दोघं मिळून ठरवू."

"मी काय बघायचं त्यात?"

"शेत तुझं हाय. मरणारं जनावर तुझ्यासाठी मरणार. बघायला नको?"

संध्याकाळी माळ्यावर तिघं होती. आक्काताईचा पाय अवघडला होता, तरी ती शिडी आपली आपणच चढली. दुर्बिणीतलं चित्र केतकीनं लॅपटॉपवर घेतलं, म्हणजे सगळ्यांना दिसावं. अंधार दाटला तशी डुकरीण पिल्लांसह आली. आक्काताई पडद्याकडं टक लावून बसली. बराच वेळ. एक पिल्लू मागं राहिलं, वेलात अडकलं, आणि डुकरीण मागं वळून त्याला थोबाडानं ढोसत घेऊन आली.

"रांडेची," आक्काताई पुटपुटली. पण शिवीत दम नव्हता. मग म्हणाली, "हिला हाकलू. डबं वाजवून. दुसरं येतंय का बघा."

दुसरं आलं. ओढ्याकडून, एकटं, आधी नुसती हालचाल आणि मग सगळं अंग. थोराड नर. सुळे अंगापेक्षा गार, म्हणून काळे दिसत होते. त्याला पाहताच डुकरीण पिल्लं घेऊन बाजूला झाली. आक्काताईचा हात नकळत मांडीवर गेला.

"ह्योच का?" मामांनी विचारलं.

"कुणास ठावं. असंल. असाच होता." ती थांबली. "न्हाई, खोटं कशाला बोलू? तवा बघितला न्हाई नीट. पण मारा. शेत वाचायला पायजे."

मामांनी गाल रायफलीला टेकला. पडद्यावर नराच्या कानातली जाळी फुलत होती, मिटत होती. केतकीला वाटलं, याही वेळी ते थांबणार. ते थांबलेही, एक लांब श्वासभर. मग गोळी झाली.

नर जागीच बसला आणि कलंडला. डुकरीण, पिल्लं अंधारात पसार झाली. केतकी लॅपटॉप मिटायला गेली तर मामांनी तिचा हात धरला.

"राहू दे. संपू दे."

मग तिघांनी ते पाहिलं. कानातली जाळी एकदा फुलली आणि पुन्हा फुलली नाही. नाकपुड्यांशी ऊब येईनाशी झाली. कानांच्या कडा आधी विझल्या, मग कान, मग पाय. अंग मात्र बराच वेळ उबदार राहिलं, चूल विझल्यावर राख राहते तसं. आक्काताईनं डोक्यावरचा पदर सावरून दोन्ही हात जोडले. मामांनी रायफल रिकामी करून बाजूला ठेवली.

"तीस वर्षांत आज पहिल्यांदा मारलं असं वाटलं," ते म्हणाले. "बरं नाही वाटलं. पण खरं वाटलं."

सकाळी वनरक्षक पंचनामा करून गेले. आक्काताईनं शेताच्या ओढ्याकडच्या अंगाला डबे बांधले आणि डुकरिणीच्या वाटेवर, ओढ्यापलीकडं, कुजलेली रताळी टाकली, म्हणजे ती तिकडंच राहील. शेजारीण हसली, तर तिला म्हणाली, "तू बघितलं न्हाईस, तुला न्हाई कळायचं."

केतकीनं कारेकर साहेबांना फोनवर कळवलं: चित्र पुसट करणार नाही. नेमबाज कमी मारतील, पण बघून, निवडून मारतील. अहवालात हेच लिहिणार.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "केतकी, शेतकऱ्यांपुरतं हे चालेल गं. पण मोठी मागणी दुसरीकडून येऊ घातली आहे. सरहद्दीवरच्या चौक्यांसाठी. त्यांना असं चित्र नको आहे. तू नाही केलंस तर दुसरं कुणी करेल. तासाभराचं तर काम आहे."

तिनं फोन ठेवला. मामा अंगणात रायफल पुसत होते. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. मग, इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"मामा, सैन्यात असताना तुमच्या चौकीवर ही दुर्बीण असती तर? पुसट नव्हे, अशीच?"

स्वयंपाकघरात मामीच्या भाकऱ्या थापण्याचा आवाज थांबला.

"माझ्याच हातात असती," त्यांनी विचारलं, "का पलीकडच्याच्याही?"

"आज आपण केली. उद्या तेही करतील."

"म्हणजे त्यालाही मी असाच दिसलो असतो," मामा सावकाश म्हणाले. "थंडीनं गारठलेलं नाक. तोंडाची वाफ. कानात धडधडणारं काळीज." त्यांनी केतकीकडं पाहिलं, पण बोलत होते ते दूरच्या, बर्फातल्या कुणाशी तरी. "मग केतके, आम्हा दोघांपैकी कुणाचं बोट हललं असतं गं?"