उठण्याचा तुकडा

कॅमेऱ्याला दिसतं तेवढंच खरं, असं मानून मी आजवर पोट भरलं. दृष्ट, अपशकुन वगैरे गोष्टी युनिटमधल्या बाकीच्यांसाठी सोडून दिल्या होत्या.

१९६२च्या जानेवारीत आम्ही आर्णीजवळ शंकरपटावरच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीवरच्या चित्रपटाचं चित्रण करत होतो. मुक्काम कापसाच्या जिनिंगच्या आवारात होता आणि नाकात सदा सरकीचा वास असे. आमच्या नायकाला बैल म्हणजे शिंगं एवढंच ठाऊक. म्हणून छकडा हाकायला जवळच्या बंजारा तांड्यावरचा धावजी घेतला होता. पटातला नावाजलेला धुरकरी. नायकाचे कपडे घातले की लांबून तो नायकच वाटे. बैलजोडी त्याचीच होती. त्यानं हात पुढे केला की दोघे तळवा चाटायचे.

नायकाला मुंबईला परतायचं होतं, म्हणून शेवट आधी उरकला. कथेत नायक शर्यत जिंकतो आणि छकड्यावरून पडून मरतो. धावजी सफाईनं पडला, उताणा, निपचित. मग जवळच्या दृश्यासाठी त्याच जागी नायक झोपला. मेल्याचं काम केलेल्या माणसाचा उठून हसतानाचा एक तुकडा घ्यायचा, ही आमच्या धंद्यातली रीत. नायकाचा घेतला. धावजीचा राहू दे, असं दिग्दर्शक म्हणाले. कच्ची फिल्म परवान्यावर मोजकीच मिळायची, आणि ज्याचा चेहराच दिसत नाही त्याला अपशकुन कसला?

धावजी उठला, चहा प्यायला आणि बैलांकडे गेला. दोघे मागे सरले.

वैरण दाखवली तरी त्यांनी तोंड फिरवलं. दावं सोडलं की ते सरळ मैदानात जात आणि धावजी पडला होता तिथे मान खाली घालून माती हुंगत उभे राहत. तिथे काही नव्हतं. मी स्वतः जाऊन पाहिलं. शर्यतीचं चित्रण बाकी होतं आणि बैल धावजीला जुंपू देईनात.

दुसऱ्या दिवशीही धावजीच्या पाठीवर मैदानाची पांढरी धूळ होती. सदरा मात्र दुसरा होता.

"तब्येत बरी नाही का?" मी विचारलं.

"बरी हाय साहेब. पण उभा राह्यलो तरी पाठीले जमीन लागून राह्यली."

त्याची बायको सोनीबाई कॅमेऱ्यापाशी आली. हातभर पांढऱ्या बांगड्या, आवाज अगदी शांत.

"साहेब, यायले उठवा."

"उठलेत की बाई. ते बघा, उभे आहेत."

"ते मले दिसते. तुमच्या पेटीत नाई उठले. त्या साहेबाले उठवलं, मंग आमच्या माणसाले काहून नाई?"

मला लाज वाटली.

शर्यत अडल्यामुळे दिग्दर्शक तयार झाले. धावजी त्याच जागी पुन्हा उताणा झाला. मी खूण करताच उठला, सदरा झटकला, कसाबसा हसला आणि चौकटीबाहेर गेला. सोनीबाईनं हात जोडले. बैल तेवढे दुरून बघत राहिले, जवळ आले नाहीत.

फिल्म मुंबईहून धुऊन आली. भर दुपारी रुईच्या गोदामाची दारं लावून आम्ही ती चादरीवर पाहिली. सोनीबाई हट्टानं आली होती, पण पदर तोंडावर घेऊन बसली. धावजी दाराला टेकून उभा होता.

चादरीवर धावजी उठला.

सदरा झटकला. हसला. बाहेर गेला.

चित्रातल्या जमिनीवर धावजी पडलेलाच होता.

तुकडा संपेपर्यंत तो तिथे होता. त्याची छाती हलत नव्हती.

दिग्दर्शक माझ्याकडे बघत राहिले. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण झालं असेल, असं मी पुटपुटलो. फिल्म मीच भरली होती, एकदाच. मला भीती वाटली.

"उठले ना साहेब?" पदराआडून सोनीबाईनं विचारलं.

"उठले," मी म्हणालो.

तिनं पदर खाली घेतला. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. नवऱ्याचा हात धरून ती उन्हात बाहेर पडली आणि दोघं तांड्याच्या वाटेला लागली.

मी मैदानाकडे पाहिलं. बैल त्याच जागी पाय मुडपून बसले होते. दोघे मिळून रिकामी माती चाटत होते, तळव्याएवढीच.