साक्षीदार मिळून आला नाही

सव्वीस वर्षांच्या वकिलीतून अॅड. भगवानराव ठोसरांनी खात्रीच्या दोनच गोष्टी कमावल्या होत्या: पाठीचं दुखणं आणि उकंडा.

उकंडा हा बचावाचा साक्षीदार. वय चाळीस, धंदा शेतमजुरी, राहणार मौजे आंबडोह, तालुका महागाव. हे गाव कुठल्याच नकाशात नव्हतं. भगवानरावांनी ते २००२ साली, नेरच्या कोर्टासमोरच्या टपरीवर, एक कट चहा संपायच्या आत वसवलं होतं. आरोपीजवळ साक्षीदार नसला की ते उकंडाचं नाव यादीत घालत. समन्स निघे, शिपाई जिल्ह्याच्या पार त्या टोकाला जाई, ‘मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन येई आणि पुढची तारीख पडे. पाच-सहा तारखांत फिर्यादीच थकून आपसात मिटवायला तयार होई. उकंडा अकरा वेळा वापरून झाला होता. दहा वेळा जमलं.

पहिल्यांदा मात्र जमलं नव्हतं. ती देवसिंगची केस. तिसऱ्या समन्सनंतर कोर्टाने साक्षीदाराची वाट न पाहता पुरावा बंद केला, देवसिंग आत गेला आणि दीड वर्षाने आतच वारला. साक्षीदार बनावट आहे हे त्याला भगवानरावांनी स्वतः सांगितलं होतं. तरी पट्टेवाल्याने उकंडाचा पुकारा केला की तो मान वळवून दाराकडे पाहत बसे. तेव्हा भगवानरावांना त्याचा राग यायचा. आता कोणाचाच येत नसे, एवढी ताकद उरली नव्हती.

बाराव्या खेपेला लखन आला. शेजाऱ्याची सोयाबीनची गंजी पेटवल्याचा आरोप. नुकतीच एसटीत चालक म्हणून निवड झालेली. शिक्षा झाली की ती गेली.

“त्या टायमाले मी बाभुळगावच्या स्टँडवर होतो, साहेब,” लखन म्हणाला. “एकलाच होतो.”

“एकटा होतास हे कोण सांगणार? एकटाच सांगणार.” भगवानरावांनी यादी ओढली आणि उकंडाचं नाव लिहिलं.

“तारखा नोको, साहेब,” त्याची बायको राखी म्हणाली. “निकाल पायजे. नोकरीवाले काय आमच्यासाठी थांबून राह्यले का?”

“निकाल आज लागला तर शिक्षेचा लागेल, बाई.”

तीन आठवड्यांनी त्यांची ज्युनिअर वर्षा कागद घेऊन आली.

“सर, समन्स बजावलं.”

“कोणावर?”

“उकंडावर. अंगठा आहे. शिपायाला तो नेरच्या रस्त्यावर भेटला. पायी येत होता म्हणे.”

भगवानरावांनी चष्मा पुसला. मग शिपायांच्या कामचुकारपणाबद्दल थोडं बोलले. कोणातरी वाटसरूचा अंगठा घेतला असणार. त्यात नवल काय?

तारखेला पट्टेवाल्याने पुकारा केला. दुसरा पुकारा करायची गरज पडली नाही.

आत आलेल्या माणसाच्या पायात चपला नव्हत्या. पिंढऱ्यांपर्यंत मातीचे थर होते, वाळलेले, एकावर एक, वेगवेगळ्या रंगांचे. त्याने शपथ घेतली. नाव सांगितलं. गाव सांगितलं.

“वय?”

“चाळीस.”

लखन बाभुळगावच्या स्टँडवर माझ्याच बाकड्यावर होता, असं त्याने सांगितलं. आवाज थकलेला होता, पण कुठं अडखळत नव्हता. सरकारी वकील उलटतपासाला उठले.

“एवढं बरं ध्यानात राह्यलं तुमच्या?”

“त्याची शेंगाची पुडी फुटली, साहेब. खाली बसून येचल्या.”

आरोपीच्या पिंजऱ्यात लखनने कठडा घट्ट धरला. बाहेर आल्यावर त्याने भगवानरावांना बाजूला घेतलं.

“साहेब, पुडी फुटली होती. मी कोनालेच नाही सांगतलं. पन शेंगा येचल्या त मी एकल्यानंच.”

“राखीला सांगितलं असशील.”

“नाही जी.”

आठवड्याने लखन निर्दोष सुटला. राखी रडली, पेढे देऊन गेली. उकंडा मात्र गेला नाही. साक्षीच्या दिवसापासून तो कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकड्यावरच होता. निकालाच्या दिवशी भगवानराव त्याच्यापुढे उभे राहिले.

“तुम्ही कुठले?”

“तुमीच तं लिहिलं, साहेब.”

“आता घरी जा. काम झालं.”

“देवसिंगभाऊची तारीख कवा हाये?”

“ती केस कधीच संपली.”

“संपली कशी? माही साक्ष राह्यली.” तो सरकून बसला, बाजूला जागा ठेवून. “बसतो मंग.”

ऑफिस व्हरांड्यासमोरच, रस्त्यापलीकडे होतं. भगवानरावांनी वर्षाला देवसिंगची जुनी फाइल काढायला लावली. धुळीने ती तीनदा शिंकली. समन्सच्या नकलेवर शिपायाचा शेरा होता. पहिली ओळ त्यांना पाठ होती. त्याखाली कधी पाहायचं काम पडलं नव्हतं.

वर्षाने वाचलं. “साक्षीदार घरी मिळून आला नाही. पत्नीने सांगितले की, पहिल्या समन्सलाच पायी निघाला आहे. आरोपीस कळवावे की, येतो.”

शेऱ्याखाली ‘वाचले’ असं लिहून भगवानरावांची सही होती.

तिने दुसरी फाइल उघडली. तिसरी. प्रत्येकीत तीच दुसरी ओळ. फक्त शेवटी, साक्षीदार वाटेत जिथं दिसला त्या गावाचं नाव जोडलेलं, दर वेळी नवं. पुसद. दिग्रस. दारव्हा.

भगवानराव खिडकीकडे पाठ करून बसले होते. पाठ दुखत होती, पण ते हलले नाहीत.

वर्षा फाइल बांधता बांधता थांबली. देवसिंग वारला तेव्हा ती दुसरीत होती.

“सर, त्या माणसाजवळ कोणी तरी येऊन बसलं.”

“कोण?”

“माहीत नाही. मान वळवून सारखा आपल्या दाराकडे पाहून राह्यला.”