एका अंगाला कललेलं झाकण

अडुसष्ट सालच्या खंडेनवमीला दुपारी रुद्राप्पानं हत्यारं धुऊन पाटावर मांडली, झेंडू वाहिला, आणि मग त्याची नजर झाकणाकडं गेली. झालं! सणासुदीला नसती आफत.

जहागीरदारांकडं चांदीचं एक सूपभांडं होतं. रोकोको का काय म्हणतात, त्या फ्रेंच घाटाचं. त्याचं झाकण हरवलेलं. नवं घडवायचं काम मंगळवार पेठेत लालासाब उस्तादांच्या दुकानी आलं. पण उस्ताद तर श्रावणातच गेलेले. त्यांचा चेला रुद्राप्पा. त्यानं काम निभावलं तर दुकान चालणार, नाहीतर उस्तादांची बायको अमीरबी कुलूप घालून जयसिंगपूरला भावाकडं जाणार.

भांड्यावरचे शिंपले, वेली, वळणं सगळी एका अंगाला कललेली, वाऱ्यानं पदर उडावा तशी. आणि देवाच्या प्रभावळी घडवणाऱ्या या शहाण्यानं सवयीनं काय करावं? डावीकडं जेवढं, उजवीकडं तेवढंच!

"चाची, घोटाळा झाला. भांडं नाचतंय, अन् झाकण देवळागत उभं. उद्या न्यायला येणार की."

"मग कर दुरुस्त."

"पुजलेली हत्यारं? दसऱ्याआधी उचलायची न्हाईत."

"उस्तादबी उचलत न्हवता," अमीरबी म्हणाली. "चल, च्या पी."

कामाच्या खोलीला कडी घालून दोघं अंगणात बसली. लख्ख ऊन होतं. आणि आतून आवाज आला. टक्... टक् टक्... पाठोपाठ, नक्षी ठोकताना चांदीखाली धरतात त्या तापल्या राळेचा वास. शेगडी तर सकाळपासून विझलेली.

"चाची... आत कोण हाय?"

अमीरबीनं बशी खाली ठेवली. मग ती खुदकन हसली. "दुसरं कोण? म्हातारा! जिता असताना दहा हाका मारल्या तरी जेवाय उठायचा न्हाई, अन् आता न बोलावता कामाला आलाय बघ!"

दिवेलागणीला आवाज थांबला. दार उघडलं, तर हत्यारांवरचा झेंडू तसाच. झाकण मात्र गरम. उजवीकडची वेल वळून वर चढलेली, एक शिंपला पार कडेला घसरलेला, आता पडतो का मग, असा. रुद्राप्पाला घाम फुटला, आणि नाचावंसंही वाटलं.

दसऱ्याला जहागीरदारीणबाईंनी झाकण फिरवून फिरवून बघितलं. "कुणाचा हात हा?"

"उस्तादांचा," रुद्राप्पा म्हणाला. खोटं थोडंच होतं!

बाईंनी ताटं, चमचे, सगळा संच घडवायला सांगितला. अमीरबीनं पेठभर पेढे वाटले. "कुलूप टाक आता हिरीत!"

तेवढ्यात बंद खोलीतून पुन्हा ठोके आले.

"बसला बघ कामाला!" ती हसली. रुद्राप्पाही हसला... आणि मधेच त्यानं दाराला कान लावला.

आत दोन हातोड्या चालल्या होत्या. एक सावकाश, उस्तादांची. दुसरी भरभर, मधेच अडखळणारी. कारागिराला आपला ठोका झोपेतही कळतो.

रुद्राप्पा इथं दाराबाहेर, हातात पेढा धरून उभा, आणि आतली ती हातोडी त्याचीच होती.